इचिरो सुझुकी: एका आउटफिल्डरची कारकीर्द – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर होम रन येतो: चेंडू प्रेक्षकांत आणि बॅटर आरामात मैदानाला फेरी मारतोय. इचिरोची कारकीर्द होम रनवर उभी नाही. छोटे फटके, चपळ पाय आणि राइट फिल्डमधून येणारा सणसणीत थ्रो यांवर त्याने दोन देशांत मिळून अठ्ठावीस सीझन काढले. क्रिकेट पाहून वाढलेल्या मराठी माणसाला बेसबॉल समजून घ्यायचा असेल, तर मी त्याला इचिरोपासूनच सुरुवात करायला सांगेन.

इचिरो सुझुकी म्हणजे नेमका कोण?

जपानी बेसबॉलपटू, जन्म २२ ऑक्टोबर १९७३. नागोया शहराला लागून असलेल्या तोयोयामा या छोट्या गावात तो वाढला. १९९२ ते २००० जपानमध्ये ओरिक्स ब्लूवेव्हकडून खेळला. २००१ पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सिएटल मरिनर्स, न्यू यॉर्क यांकीज, मायामी मार्लिन्स आणि शेवटी पुन्हा मरिनर्स. मेजर लीगमध्ये ३०८९ हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं), ५०९ चोरलेले बेस (फटक्याविना पळून घेतलेला पुढचा बेस) आणि ०.३११ ची सरासरी (प्रयत्नांमागे हिटचं प्रमाण). हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, निवडला गेलेला तो पहिला आशियाई खेळाडू.

आउटफिल्डर म्हणजे काय? आणि राइट फिल्डचं वेगळेपण कशात?

बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं पसरत जातं. टोकाला बॅटर, त्याच्यापुढे चार बेसचा चौकोन आणि त्या चौकोनापलीकडे कुंपणापर्यंत हिरवळ. ही हिरवळ सांभाळायला तिघेच: लेफ्ट, सेंटर आणि राइट फिल्डर. म्हणजे क्रिकेटमध्ये सीमारेषेवर अनेक जण जे काम वाटून घेतात, ते इथे तिघांवर पडतं.

नुसते झेल घेऊन भागत नाही. झेल घेतल्यानंतरही बेसवर असलेला रनर पुढे पळू शकतो, म्हणून चेंडू हातात येताच तो कुठे फेकायचा हे आधीच ठरलेलं असावं लागतं. राइट फिल्डरसाठी तिसरा बेस सर्वांत लांब. फर्स्ट बेसवरचा रनर साध्या फटक्यावर दुसऱ्या बेसवर थांबेल की थेट तिसऱ्यावर जाईल, हे राइट फिल्डरच्या दंडातल्या ताकदीवर ठरतं. म्हणून संघातला चांगला ‘हात’ बहुधा तिथे उभा केला जातो. रनर घाबरून जागीच थांबला, तर त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. इचिरोचं निम्मं काम या न नोंदलेल्या भागातलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

लहानपणी त्याला कोणी शिकवलं?

वडिलांनी, नोबुयुकी सुझुकी यांनी. सातव्या वर्षापासून रोज शाळा सुटल्यावर बापलेक मैदानात. मुलगा मुळात उजवा, पण वडिलांनी त्याला डावखुरी बॅटिंग शिकवली, कारण डावखुरा बॅटर फर्स्ट बेसच्या दोन पावलं जवळ उभा असतो. संध्याकाळी विमानतळाजवळच्या बॅटिंग सेंटरवर मशीनचे चेंडू. सहावीत त्याने लिहिलेला निबंध जपानमध्ये प्रसिद्ध आहे: वर्षातले ३६५ पैकी ३६० दिवस आपण कसून सराव करतो, तेव्हा आपण व्यावसायिक खेळाडू होणारच, अशा अर्थाचं त्या पोराने लिहिलं होतं.

ही गोष्ट अनेकदा आदर्श बापाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगवत नाही. तो सराव जवळपास छळाकडे झुकणारा होता, हे इचिरोने मोठेपणी उघडपणे म्हटलं आहे. आपल्याकडे अकादम्यांबाहेर पोरांना घेऊन उभ्या असलेल्या पालकांनी हेही वाचावं.

एवढा चांगला होता, तर त्याला चौथ्या फेरीत का निवडलं?

शाळेत तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. नागोयाच्या आयकोदाई मेइदेन शाळेकडून तो कोशिएनच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत दोनदा खेळला. पण अंगकाठी बारीक, त्यामुळे मोठ्या संघांना विश्वास वाटला नाही. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडण्याची पद्धत) ओरिक्सने त्याला चौथ्या फेरीत घेतलं.

पहिली दोन वर्षं बहुतेक दुय्यम संघात गेली. पिच (पिचरने टाकलेला चेंडू) येत असताना पुढचा पाय लंबकासारखा झुलवायचा आणि शरीराचं वजन पुढे नेत फटका मारायचा, ही त्याची पद्धत तेव्हाचे व्यवस्थापक शोझो दोई यांना पटत नव्हती. १९९३ च्या जूनमध्ये त्याने हिदेओ नोमोसारख्या जबरदस्त पिचरला पहिला होम रन मारला आणि तरी त्याची रवानगी पुन्हा दुय्यम संघात झाली. १९९४ मध्ये अकिरा ओगी व्यवस्थापक झाले. त्यांनी पाय झुलवू दिला आणि रोज खेळवलं. त्याच वर्षी २१० हिट. जपानमध्ये तोवर एका सीझनमध्ये कोणीही दोनशे गाठले नव्हते, आणि सीझन होता फक्त १३० सामन्यांचा.

जर्सीवर आडनावाऐवजी नाव का?

तीही ओगींचीच कल्पना. सुझुकी हे जपानमधलं अतिशय सर्वसाधारण आडनाव, पोराकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून १९९४ पासून नुसतं ‘इचिरो’. पुढे अमेरिकेतही तेच चाललं.

जपानमधली त्याची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती?

आकड्यांत पाहायचं तर १९९४ ते २००० सलग सात वर्षं बॅटिंगचा किताब आणि १९९४ ते १९९६ सलग तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू. पण कोबेच्या माणसाला विचारलंत तर तो १९९५ सांगेल.

ओरिक्सचं घर कोबे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसं गेली, शहराचे मोठे भाग पडले आणि जळाले. सीझन तोंडावर आलेला. घरचे सामने दुसरीकडे हलवावेत का, याची चर्चा झाली. संघ कोबेतच खेळला, बाहीवर ‘गानबारो कोबे’ म्हणजे ‘हिंमत धरू या, कोबे’ असं शिवून. त्या वर्षी त्यांनी पॅसिफिक लीग जिंकली. अंतिम जपान सिरीज हरले, ती पुढच्या वर्षी बलाढ्य योमिउरी जायंट्सला हरवून जिंकली. लातूर-किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवणाऱ्या वाचकाला, पडलेल्या शहरात रोज संध्याकाळी मैदानाचे दिवे लागणं म्हणजे काय असेल, हे सांगायची गरज नाही.

तो अमेरिकेत कसा गेला? आपल्या मर्जीने संघ निवडता आला का?

नाही. तेव्हाच्या पोस्टिंग पद्धतीत जपानी संघ खेळाडूला ‘उपलब्ध’ जाहीर करायचा, अमेरिकी संघ बंद पाकिटात बोली लावायचे आणि ज्याची बोली सर्वांत मोठी, त्यालाच खेळाडूशी बोलायचा हक्क. नोव्हेंबर २००० मध्ये सिएटलने १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलरची बोली लावली. ही रक्कम ओरिक्सला. इचिरोचा स्वतःचा करार तीन वर्षांसाठी १ कोटी ४० लाख डॉलरचा झाला. मरिनर्समध्ये तेव्हा निन्टेंडोची मोठी मालकी होती आणि तिचे प्रमुख हिरोशी यामाउची यांना इचिरो हवाच होता.

त्याआधी मेजर लीगमध्ये खेळलेले जपानी सगळे पिचर होते: १९६४ मध्ये मासानोरी मुराकामी, १९९५ पासून नोमो आणि मग इतर. रोज मैदानात उतरणारा जपानी बॅटर तिथल्या वेगापुढे टिकेल का, याबद्दल अमेरिकेत उघड शंका होती.

२००१ चा सीझन एवढा गाजला तो कशामुळे?

शंका महिन्या-दोन महिन्यांत संपली. २४२ हिट, ०.३५० ची सरासरी, ५६ चोरलेले बेस. नवोदित खेळाडूचा पुरस्कार आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही एकाच वर्षी. हे त्याआधी फक्त १९७५ मध्ये फ्रेड लिनने केलं होतं. मरिनर्सने ११६ सामने जिंकले आणि १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. मात्र प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) यांकीजकडून हरून वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, दारातून परत आले.

‘तो थ्रो’ म्हणजे कोणता?

११ एप्रिल २००१, ओकलंड. इचिरोला मेजर लीगमध्ये जेमतेम दहा दिवस झालेले. ओकलंडचा टेरेन्स लाँग फर्स्ट बेसवर, पाय चांगले वेगवान. बॅटर रामोन हर्नांडेझने राइट फिल्डकडे साधा सिंगल (एका बेसपुरता हिट) मारला. लाँगने दुसरा बेस ओलांडला आणि न थांबता तिसऱ्याकडे निघाला. रनर म्हणून त्याचा निर्णय चुकीचा नव्हता. दहातले नऊ राइट फिल्डर त्याला तिथे गाठू शकले नसते.

इचिरो पळत पुढे आला, चेंडू उचलला आणि पुढे येण्याच्याच ओघात फेकला. बहुतेक लांब थ्रो कमान घेतात, नाहीतर मध्ये एक टप्पा घेतात. हा सरळ रेषेत, जवळजवळ एकाच उंचीवरून गेला आणि थर्ड बेसमन डेव्हिड बेलच्या ग्लोव्हमध्ये बेसच्या लगतच उतरला. बेलला हात हलवावा लागला नाही. लाँग घसरत आला तो थेट त्या ग्लोव्हवर.

फूटेज पाहताना इचिरोची पावलं बघा. चेंडू पोचण्याआधीच त्याने धावण्याची लय अशी जुळवली आहे की उचलताना शरीर फेकण्याच्या स्थितीत आलेलं आहे. क्षेत्ररक्षणातला वेळ तिथे वाचतो. त्यानंतर लीगभरच्या रनर्सनी त्याच्यावर धाव घ्यायची की नाही, याचा दोनदा विचार करायला सुरुवात केली.

झेलांबाबत काय?

२ मे २००५ चा गॅरेट अँडरसनचा फटका पाहा. चेंडू कुंपणापलीकडे चालला होता. इचिरोने पळत येऊन भिंतीवर पाय रोवला, वर चढला आणि होम रन हवेतून काढून घेतला. २००१ ते २०१० सलग दहा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. दोन पिचच्या मधल्या वेळातही तो राइट फिल्डमध्ये उकिडवा बसून, खांदे वळवून अंग मोकळं करत राहायचा. सामन्यानंतर ग्लोव्ह आणि बूट स्वतः पुसायचा.

२६२ हिट हा विक्रम किती मोठा आहे?

जॉर्ज सिसलरने १९२० मध्ये एका सीझनमध्ये २५७ हिट केले. चौऱ्याऐंशी वर्षं कोणाला ते ओलांडता आलं नाही. १ ऑक्टोबर २००४ रोजी सिएटलमध्ये टेक्साससमोर इचिरोने ते ओलांडलं, सिसलरची मुलगी प्रेक्षकांत बसलेली असताना. तो स्टँडजवळ गेला आणि तिच्याशी हात मिळवला. २००९ मध्ये ऑल-स्टारसाठी (निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना) सेंट लुइसला गेला तेव्हा सिसलरच्या कबरीवर फुलं वाहून आला. ज्याचा विक्रम मोडला त्याचं ऋण मानायची ही रीत मला फार भावते.

सीझनअखेर आकडा २६२ झाला. ७०४ प्रयत्नांत २६२, म्हणजे सरासरी ०.३७२. त्यातले २२५ सिंगल होते, हाही विक्रम. सिसलरच्या काळी सीझन १५४ सामन्यांचा होता, आता १६२ चा, हा आक्षेप रास्त आहे. पण सिसलरला रात्रीचे सामने, दूरचे विमानप्रवास आणि शेवटच्या इनिंगला येणारे ताजेतवाने वेगवान पिचर यांना तोंड द्यावं लागलं नव्हतं, हेही त्याच तागडीत घालायला हवं.

एवढे हिट तो काढायचा तरी कसे?

फटका मारता मारताच तो पळायला लागलेला असायचा. वजन पुढे जात असताना बॅट चेंडूला लागते आणि त्याच झोक्यात फर्स्ट बेसकडे पहिलं पाऊल पडतं. बेसमधलं अंतर ९० फूट. इचिरो ते चार सेकंदांच्या आत कापायचा. त्यामुळे शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) गेलेला मंद घरंगळता चेंडू, जो इतरांसाठी हमखास आउट, तो इचिरोसाठी हिट ठरायचा. मग इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) पुढे सरकायचे आणि तो त्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकायचा.

दुसरी गोष्ट बॅटची. मिझुनो या क्रीडासाहित्य कंपनीचे नामांकित कारागीर इसोकाझु कुबोता त्याच्यासाठी सडपातळ बॅट घडवायचे. लाकडातली आर्द्रता बदलू नये म्हणून तो बॅट खास पेटीत ठेवायचा. आणि तिसरं म्हणजे ठरलेला क्रम. प्लेटवर, म्हणजे बॅटरच्या जागी, उभं राहायचं, उजव्या हाताने बॅट पिचरच्या दिशेने उभी धरायची, डाव्या हाताने उजव्या खांद्याची बाही किंचित ओढायची. दर वेळी तेच.

पण हे नुसते सिंगलच ना? काही विश्लेषक त्याला कमी लेखतात ते का?

आक्षेपात तथ्य आहे, ते टाळू नये. इचिरो वॉक फार घ्यायचा नाही आणि मेजर लीगमध्ये त्याचे होम रन ११७ च. पिचरकडून चार चुकीचे चेंडू घेऊन फुकट बेस मिळवणं धावांच्या हिशोबात जवळपास सिंगलइतकंच मोलाचं, त्यामुळे ०.३११ च्या सरासरीवर त्याचं बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३५५ एवढंच राहतं. फक्त बॅट पाहिली तर त्याच्यापेक्षा जास्त धावा ‘घडवणारे’ आउटफिल्डर त्याच काळात होते.

मात्र त्यात बेस चोरणं, राइट फिल्डचं रक्षण आणि वर्षाला एकशे साठच्या आसपास सामने खेळायचं सातत्य धरलं की चित्र बदलतं. सलग दहा सीझन दोनशेच्या वर हिट ही गोष्ट मेजर लीगमध्ये दुसऱ्या कोणी केलेली नाही; विली कीलरची आठची मालिका १९०१ मध्ये थांबली होती.

पीट रोजचा ४२५६ हिटचा विक्रम इचिरोने मोडला का?

अधिकृतरीत्या नाही. जपानमधले १२७८ आणि अमेरिकेतले ३०८९ मिळून ४३६७ होतात. जून २०१६ मध्ये सॅन डिएगोत एकत्रित आकडा पीट रोजच्या पुढे गेला. मेजर लीग जपानचे हिट धरत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण दोन लीग वेगळ्या आहेत. मला हा वादच अनावश्यक वाटतो. सत्ताविसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये पहिलं पाऊल टाकून ३००० पार करणं एवढं एकच विधान पुरेसं आहे. तो टप्पा त्याने ७ ऑगस्ट २०१६ ला डेन्व्हरमध्ये ट्रिपल (तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा हिट) मारून गाठला. त्याच्याआधी फक्त एकोणतीस जण तिथे पोचले होते.

वर्ल्ड सिरीज जिंकला का?

नाही. खेळलाच नाही. २०१२ मध्ये यांकीजबरोबर एक पायरी अलीकडे थांबला.

मग देशासाठी?

जपानने वर्ल्ड बेसबॉल क्लासिक २००६ आणि २००९, दोन्ही वेळा जिंकलं आणि इचिरो दोन्ही संघांत होता. २००९ ला तो पूर्ण स्पर्धाभर चाचपडत होता. लॉस एंजेलिसला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना, दहावी (नऊनंतरची जादा) इनिंग, ३-३ बरोबरी, दोन आउट. लिम चांग-योंग पिच टाकतोय. दोन स्ट्राइक पडल्यावर (तिसऱ्याला आउट) इचिरो एकेक चेंडू फाउल करून, म्हणजे रेषेबाहेर मारून, जिवंत राहिला आणि आठव्या पिचवर मध्यातून सिंगल. दोन धावा, जपान ५-३.

सिएटल सोडून यांकीजकडे का गेला?

मरिनर्स तरुण संघ बांधत होते, तो अडतिसाचा होता. बदली त्याने स्वतः मागितली. २३ जुलै २०१२ ला ती झाली तेव्हा यांकीज सिएटलमध्येच आले होते, म्हणजे त्याच संध्याकाळी तो त्याच मैदानावर पाहुण्यांच्या कपड्यांत उतरला. हेल्मेट काढून प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, मग सिंगल मारला आणि बेस चोरला.

पुढची वर्षं उतरणीची. २०१५ मध्ये मायामीत सरासरी ०.२२९ पर्यंत खाली आली, पुढच्या वर्षी ०.२९१ वर परत. २०१८ ला तो सिएटलला परतला.

शेवटचा सामना कुठे झाला?

टोकियो डोममध्ये, २१ मार्च २०१९. मरिनर्सने सीझनचे पहिले दोन सामने ओकलंडविरुद्ध जपानमध्ये ठेवले होते. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला एकही हिट मिळाला नाही. शेवटच्या प्रयत्नात शॉर्टस्टॉपकडे गेलेल्या चेंडूवर तो थोडक्यात आउट झाला. आठव्या इनिंगमध्ये राइट फिल्डमधून त्याला परत बोलावलं गेलं. त्या दिवशी पदार्पण केलेला युसेई किकुची डगआउटमध्ये ढसाढसा रडला. सामना बारा इनिंग चालला, संपल्यावरही लोक घरी जाईनात, तेव्हा तो पुन्हा बाहेर आला. पत्रकार परिषद मध्यरात्रीनंतर संपली.

हॉल ऑफ फेमच्या निवडीत पूर्ण एकमताला एक मत कमी पडलं, ते कोणाचं?

जानेवारी २०२५ मध्ये ३९४ पैकी ३९३ मतं मिळाली. ते एक मत कोणाचं हे मतदाराने जाहीर केलेलं नाही. इचिरो म्हणाला की त्या व्यक्तीला घरी बोलावून तिच्याबरोबर एक पेय घ्यायला आवडेल. २७ जुलै २०२५ ला कूपरस्टाउनच्या समारंभात, एरवी दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या इचिरोने संपूर्ण भाषण इंग्रजीत केलं आणि वाट मोकळी करणाऱ्या नोमोचे आभार मात्र जपानीत मानले. ऑगस्टमध्ये मरिनर्सने त्याचा ५१ क्रमांक निवृत्त केला.

जपान सरकारने त्याला मोठा सन्मान दिला नाही का?

देऊ केला, त्याने घेतला नाही. राष्ट्रीय सन्मान पुरस्कार २००१, २००४ आणि निवृत्तीनंतर २०१९ मध्येही नम्रपणे नाकारला.

ओहतानी मोठा की इचिरो?

आजचा जपानी खेळाडू शोहेई ओहतानी पिचिंगही करतो आणि होम रनही मारतो. प्रतिभेच्या विस्तारात त्याला तोड नाही. पण त्याच्यासाठी २०१८ मध्ये अमेरिकेत प्रश्न ‘किती चांगला’ असा होता. इचिरोपुढे २००१ मध्ये ‘जमेल तरी का’ असा होता.

आता तो काय करतो?

मरिनर्सबरोबर आहे, सरावाआधी अजून आउटफिल्डमध्ये चेंडू पकडताना दिसतो. जपानमध्ये शालेय संघांना शिकवतो आणि ‘कोबे चिबेन’ या आपल्या हौशी संघातून निवडक शालेय मुलींच्या संघाविरुद्ध दरवर्षी सामना खेळतो, पिचर म्हणून, पूर्ण ताकदीने.

मला काहीच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

शाळेत सॉफ्टबॉल खेळला असाल, आणि महाराष्ट्रात खेळलेले बरेच आहेत, तर नियम ऐंशी टक्के येतातच. आधी ओकलंडचा थ्रो पाहा, मग २००४ चा विक्रमी हिट, मग २००९ चा अंतिम सामना दहाव्या इनिंगपासून पुढे. चौथं म्हणजे २००७ चा ऑल-स्टार: चेंडू मैदानातच असताना चारही बेस पळून काढलेला होम रन, त्या सामन्याच्या इतिहासातला पहिला. सिएटलचे संध्याकाळचे सामने आपल्याकडे सकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान सुरू होतात, ऑफिसला निघेपर्यंत तीन इनिंग होतात. सिएटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडकडे नातेवाईक असतील आणि तिकडे जाणं झालं, तर मरिनर्सच्या टी-मोबाइल पार्क मैदानावर राइट फिल्डमागचं तिकीट काढा. थ्रो किती लांबचा असतो हे टीव्हीवर कळत नाही.